चार्जरला दिसतात फक्त व्होल्ट: घरातल्या सगळ्या सेलसाठी एकच चार्जर घेताना आणि वापरताना

सौर दिव्यातला एक लठ्ठ सेल मी एकदा चार्जरमध्ये लावला. चार्जर 'स्वयंचलित' होता; सेल लावा, बाकीचं तो बघून घेतो, असं खोक्यावर लिहिलेलं. त्याने बघितलंही. पडद्यावर 'लिथियम-आयन' उमटलं आणि आकडे धावू लागले. तासाभराने सहज नजर गेली तर व्होल्टेज ३.७८. सेलच्या वेष्टणावर मात्र ३.२ व्होल्ट छापलेलं. तो सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचा होता. असा सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो, आणि चार्जर त्याला ४.२ पर्यंत न्यायला निघाला होता. काढला तेव्हा कोमट होता, एवढ्यावर निभावलं.

तेव्हा चार्जरचा राग आला होता. पण त्याला तरी कसं कळावं? त्याला फक्त दोन टोकांमधलं व्होल्टेज दिसतं, आणि थोडा करंट सोडला की ते किती हलतं तेवढं. त्यावरून तो अंदाज बांधतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो; चुकतो तो नेमका धोक्याच्या ठिकाणी चुकतो. म्हणून असा चार्जर घेताना तो किती हुशार आहे हे मी आता विचारत नाही. त्याचं न ऐकता आपलं म्हणणं त्याला सांगता येतं का, हे बघतो.

पायरी १: आधी घरातले सेल टेबलावर मांडा

चार्जर शोधायच्या आधी हे करा. रिमोट, माउस, खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, टॉर्च (म्हणजे घरात जिला आपण 'बॅटरी' म्हणतो ती), सौर दिवे, सगळ्यांतले सेल काढा. आकार बघून गट पाडू नका. वेष्टणावर छापलेलं व्होल्टेज वाचून पाडा.

१.२ व्होल्ट लिहिलं असेल तर तो निकेलचा सेल. आजकाल बहुधा निकेल-मेटल हायड्राइड. जुन्या कॉर्डलेस फोनमधला किंवा जुन्या अवजारातला असेल तर निकेल-कॅडमियमही असू शकतो. चार्जरमध्ये दोघांना एकच पर्याय चालतो. फरक पडतो तो सेल टाकून देताना, कारण कॅडमियम विषारी आहे. पेन्सिल सेलच्या आकाराचा चांगला निकेल सेल २००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास असतो, बारीक पेन्सिल सेल ८०० च्या. पूर्वी हे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बरेच उतरायचे. २००५ साली सान्योने 'एनेलूप' आणला आणि कमी गळतीचे सेल घरोघरी पोचले; ते वर्षभर कपाटात राहिले तरी ८० टक्क्यांच्या आसपास चार्ज टिकवून धरतात. वेष्टणावर 'वापरायला तयार' अशा अर्थाचं काही लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

३.६ किंवा ३.७ व्होल्ट म्हणजे लिथियम-आयन. हा ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. काही थोड्या सेलवर ३.८ लिहिलेलं असतं, ते ४.३५ पर्यंत जातात. पण त्यांना ४.२ वरच थांबवलं तर थोडी क्षमता कमी मिळते, बिघडत काही नाही. सेलचं नाव हेच त्याचं माप असतं: १८६५० म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य तो नळकांडीसारखा गोल असल्याचं सांगतं. २१७०० त्याहून जाड आणि लांब.

३.२ व्होल्ट म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. इथे आपली लिपी घात करते. 'आयन' आणि 'आयर्न' यांत एका रफाराचा फरक आणि अर्थ मात्र पार वेगळा: पहिला विद्युतभारित कण, दुसरं लोखंड. घाईत दोन्ही सारखेच वाचले जातात. म्हणून नाव वाचण्यापेक्षा आकडा वाचा. नावाआधीची अक्षरं 'आयएफआर' असतील तर तो लोखंडवाला. 'आयसीआर', 'आयएनआर', 'आयएमआर' हे तिन्ही ४.२ वाले.

ज्या सेलवरचं वाचता येत नाही तो बाजूला ठेवा. अंदाजाने चार्ज करू नका. जे लिथियम सेल वाचता आले त्यांच्यावर जाड पेनाने पूर्ण चार्जचा आकडा लिहा: ४.२ किंवा ३.६५. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या चुका त्यातच वाचतात.

पायरी २: चार्ज न करायच्या सेलचा वेगळा डबा

साधे १.५ व्होल्टचे अल्कलाइन सेल चार्जरमध्ये जात नाहीत. लावले तर गळतात, कधी फुटतात. एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही त्याच डब्यात. नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ पण तिथेच.

सगळ्यात फसवा आहे सीआर१२३ए. कॅमेऱ्यात, काही सुरक्षा-सेन्सरमध्ये असतो. ३ व्होल्टचा, एकदाच वापरायचा. त्याच मापाचा चार्ज होणारा सेल १६३४० या नावाने मिळतो. आता चार्जरच्या जागी स्वतः बसून बघा: ३ व्होल्ट दिसतायत, म्हणजे हा तर उतरलेला लिथियम-आयन! तो बिनदिक्कत चार्ज करायला घेतो. एकदाच वापरायच्या लिथियम सेलला असं भरणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. सौर दिव्याच्या सेलवेळी जे झालं तेच इथे, पण इथे कोमट होण्यावर भागणार नाही.

आणखी एक नवं प्रकरण: १.५ व्होल्टचे चार्ज होणारे पेन्सिल सेल, ज्यांच्या अंगातच यूएसबीचं छिद्र असतं. यांच्या आत छोटा लिथियम सेल आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं. बाहेरून कायम दीड व्होल्ट दिसतात, त्यामुळे चार्जर यांना निकेल समजतो. यांना यांच्याच वायरने किंवा सोबत आलेल्या डबीत चार्ज करा.

पायरी ३: चार्जर निवडा

आता तुम्हाला माहीत आहे की घरात कोणती रसायनं आहेत. फक्त पेन्सिल सेल असतील तर निकेलचा साधा, चांगला चार्जर पुरे. उगाच मोठ्याच्या मागे लागू नका. ड्रोन किंवा रिमोटच्या गाड्यांचे चपटे लिपो (लिथियम पॉलिमर) पॅक असतील तर विषयच वेगळा: त्यांना पॅकमधला प्रत्येक सेल समान भरणारा, बॅलन्स वायर जोडता येणारा छंदिष्टांचा चार्जर लागतो. मोटारसायकलची बॅटरीही या लेखाबाहेरची. मिश्र सेल असतील तर पुढचं बघा.

प्रत्येक स्लॉट स्वतंत्र हवा. स्वस्तातले काही चार्जर सेल जोडीने भरतात. एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असेल तर पहिल्यावर अतिरेक होतो आणि दुसरा उपाशी राहतो.

रसायन हाताने निवडता यायला हवं. स्वयंचलित ओळख असू दे, पण बटण दाबून '३.६५' किंवा 'आयर्न फॉस्फेट' असं सांगता आलं पाहिजे. माहितीपुस्तिकेत प्रत्येक रसायनाचं शेवटचं व्होल्टेज छापलेलं असावं आणि लिथियम-आयनपुढे ४.२० अधिक-उणे ०.०५ असं काही असावं. जिथे नुसतं 'सर्व प्रकारचे सेल चालतात' लिहून सोडून दिलंय, तो चार्जर मी घेत नाही. घरात ३.२ व्होल्टवाला एकही सेल नसेल तर ही अट सोडता येते. पण सौर दिवे नकळत घरात येतात.

करंट निवडता यावा, आणि तो खालीही यावा. जाहिरातीत ३ अँपिअरची मोठी अक्षरं असतात. घरात कामाला येतो तो २०० ते २५० मिलिअँपिअरचा खालचा टप्पा. ३५० एमएएचच्या चिमुकल्या लिथियम सेलला १ अँपिअर देणारा चार्जर माझ्या मते बिनकामाचाच.

लांबीही मोजा. १८६५० नावाने ६५ मिलिमीटरचा असला, तरी संरक्षक सर्किट (सेल अति भरला किंवा अति उतरला तर जोडणी तोडणारं) बसवलेला सेल ७० च्या जवळ जातो. तसंच २१७०० चं. स्प्रिंग जेमतेम ताणून बसवलेला सेल कधी सुटतो, कधी वेष्टण खरवडून घेतो.

मग वीज. बरेच नवे चार्जर यूएसबीवर चालतात आणि ॲडॉप्टर सोबत देत नाहीत. हिशोब सोपा आहे: चार लिथियम-आयन सेल, प्रत्येकी १ अँपिअर, ४.२ व्होल्ट, म्हणजे शेवटाकडे १६.८ वॉट. मोबाइलचा जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर देतो १० वॉट. चार्जर चालेल, पण करंट आपोआप कमी करेल. काही चार्जर तर चारही स्लॉट भरले की प्रत्येकी अर्धा अँपिअरच देतात, ॲडॉप्टर कितीही मोठा असो. हे पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत असतं.

सेल रिकामा करून क्षमता मोजायची सोय असली तर उत्तम. का ते पुढे येईल. उलटा लावलेला सेल ओळखणं तर हवंच. बाकी रंगीत पडदा, ॲप, ब्लूटूथ हे सगळं हौसेचं.

पायरी ४: पहिल्या दिवशी चार्जरचीच परीक्षा घ्या

साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) जवळ ठेवा. एक चांगला लिथियम-आयन सेल लावा, पूर्ण होऊ द्या, काढल्याबरोबर मोजा. ४.१५ ते ४.२५ मध्ये असला पाहिजे. ४.१५ च्या खाली थांबला तर हरकत नाही, उलट सेलचं आयुष्य वाढतं. ४.२५ च्या वर गेला तर तो चार्जर परत करा. प्रत्येक स्लॉटमध्ये हे एकदा करून बघा, कारण एखादाच स्लॉट वाह्यात निघू शकतो. पूर्ण झालेला सेल, तुम्ही घरात जागे असताना, काही तास चार्जरमध्ये तसाच ठेवून पुन्हा एकदा मोजा. व्होल्टेज वर सरकलेलं असेल, तर चार्जर पूर्ण झाल्यावरही थोडा करंट ढकलतोय. निकेलला तसा बारीक करंट काही काळ चालतो, लिथियमला अजिबात नाही.

पायरी ५: रोजचं चार्जिंग

लिथियम-आयन सेलला एमएएचच्या निम्मा किंवा थोडा कमी करंट द्या. २५०० चा सेल असेल तर १ अँपिअर, ८०० चा असेल तर ४००. घागर काठाशी आली की आपण नळ बारीक करतो, तसं ४.२ ला पोचल्यावर चार्जर व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी करत नेतो. म्हणून शेवटचा थोडासा भाग भरायला फार वेळ लागतो. २५०० चा सेल १ अँपिअरने अडीच तासांत नव्हे, तीन-साडेतीन तासांत होतो. घाई असेल तर आधी काढून घ्या. लिथियमला अर्धवट चार्जचा काही त्रास नाही.

निकेलची तऱ्हा उलटी, आणि इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. 'सावकाश चार्ज केला की सेल टिकतो' हे इथे नेहमी खरं नाही. निकेल सेल भरत आला की आत जाणाऱ्या करंटची उष्णता होऊ लागते. गरम झाला की त्याचं व्होल्टेज शिखर गाठून किंचित खाली येतं, प्रत्येक सेलमागे पाचेक मिलिव्होल्ट. ही बारीकशी घसरण पकडून चार्जर थांबतो. करंट फार कमी असेल तर ती घसरण इतकी मऊ होते की चार्जरच्या हाती लागत नाही, आणि तो भरलेल्या सेलला तासन्‌तास भरत राहतो. म्हणून २००० एमएएचच्या पेन्सिल सेलला ७०० ते १००० मिलिअँपिअर, बारीक पेन्सिल सेलला ३०० ते ४००. शेवटी सेल चांगले गरम लागतील. हात टेकवता येतो तोवर ते स्वाभाविक आहे. हात झटकन मागे घ्यावासा वाटला तर काढा. लिथियम सेल मात्र इतका गरम होता कामा नये. नुसता कोमट ठीक.

लिथियम सेल लावण्यापूर्वी वेष्टण बघा. धातूचं सगळं अंग, अगदी प्लसच्या टोकाच्या कडेपर्यंत, मायनस असतं. मध्ये फक्त वेष्टण आणि एक कागदी चकती. वेष्टण तिथे फाटलं असेल तर शॉर्ट व्हायला एक खरवड पुरते. नवी वेष्टणं मिळतात, आकसून बसतात. दबलेला, गंज चढलेला किंवा गोडसर रसायनी वास येणारा सेल मात्र थेट टाकायच्या डब्यात.

जागा: फरशी किंवा दगडी ओटा. गादी, सोफा, कागदांची चळत नको. चार्जर उन्हात नको. फार थंडीही नको. शून्य अंशाखाली लिथियम-आयन चार्ज केला तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा धोकादायक होतो. आणि लिथियम सेल चार्ज करताना घराबाहेर जाऊ नका किंवा झोपू नका. धूर दिसला तर जमलं तर मेन स्विच बंद करा, खोलीतून बाहेर पडा, तो धूर विषारी असतो.

पायरी ६: पडद्यावरचे आकडे

चार्ज करताना दिसणारा एमएएच म्हणजे सेलची क्षमता नव्हे. तो आत घातलेला हिशोब. लिथियममध्ये घातलेलं जवळपास सगळं परत मिळतं, निकेलमध्ये बराच भाग उष्णतेत जातो. खरा आकडा कळतो सेल उतरवताना. म्हणून क्षमता-चाचणी पूर्ण भरते, उतरवते, पुन्हा भरते. एका सेलला बारा-पंधरा तास लागू शकतात, लावून विसरून जा (निकेल असेल तर). २००० च्या सेलचे १९०० आले तर उत्तम. १४०० आले तर रिमोटमध्ये ढकला. ८०० आले तर निरोप द्या.

या चाचणीने माझ्या घरातला एक १८६५० उघडा पडला. वर ९९०० एमएएच छापलेलं, निघाले ११०० च्या आसपास. या मापात नामांकित सेल ३५०० च्या आसपास असतात. ५००० च्या वरचं काहीही छापलेलं असेल तर ते छपाईपुरतंच. वजनही सांगतं: खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो.

अंतर्गत रोध, म्हणजे सेल स्वतःच करंटला किती अडवतो ते सांगणारा मिलिओहमचा आकडा, एकदा पाहून विश्वास ठेवू नका. सेल फिरवून पुन्हा लावला तरी तो बदलतो, कारण त्यात टोकांच्या संपर्काचा रोधही मिसळतो. टोकं कोरड्या कापडाने पुसा, तीन वेळा लावा, सगळ्यात कमी आकडा घ्या. एकाच चार्जरवर, एकाच जातीच्या सेलमधली तुलना तेवढी कामाची.

मोजून झाल्यावर निकेल सेलचे संच बांधा. चार सेल लागणाऱ्या खेळण्यात तीन ताजे आणि एक थकलेला घातला तर थकलेला आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहून त्याचं व्होल्टेज उलटं करतात. तो तिथेच मरतो. माझ्या संचांवर 'क', 'ख', 'ग' लिहिलेलं आहे. एकत्र वापरतो, एकत्र चार्ज करतो.

पायरी ७: चार्जर सेल ओळखत नाही तेव्हा

निकेल सेल पार शून्याला गेला असेल तर चार्जरला तिथे काही आहे हेच कळत नाही. शेजारच्या सेलला वायरने जोडून जागा करायचे प्रकार लोक करतात. मी करत नाही. सेल हाताने निवडायच्या पर्यायात एकदा लावून बघतो, नाहीच झालं तर सोडून देतो.

लिथियम सेल ० व्होल्ट दाखवत असेल तर बहुधा संरक्षक सर्किटने दार लावून घेतलंय. चांगला चार्जर हलकासा करंट देऊन ते उघडतो. उघडल्यावर आत २.५ च्या वर व्होल्टेज असेल तर सर्वांत कमी करंटवर, समोर बसून चार्ज करा. सर्किट नसलेला सेल १-१.५ व्होल्ट दाखवत असेल तर दोन गोष्टी: चार्जर त्याला निकेल समजेल, आणि तो आतून बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. इतका खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी साचून शॉर्ट करू शकतं. '० व्होल्ट पुनरुज्जीवन' हे वैशिष्ट्य म्हणून छापतात खरं, पण मी असे सेल उठवत नाही.

पायरी ८: ठेवणं आणि टाकणं

'पूर्ण उतरवून मगच चार्ज करा' ही सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला ती मारक आहे. महिनोन्‌महिने ठेवायचे लिथियम-आयन सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर, थंड कपाटात, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात कधीच नको. १४५०० मापाचा लिथियम सेल हुबेहूब पेन्सिल सेलएवढा असतो, त्याची डबी वेगळीच असू द्या. कुणी घाईत तो घड्याळात घातला तर दीड व्होल्टच्या घड्याळाला ४.२ व्होल्ट मिळतील.

टाकताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. लिथियम आणि कॅडमियमचे सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका, जुने सेल स्वीकारणाऱ्या संकलन पेटीतच द्या. तिथे नेईपर्यंत ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, खिडकीच्या पडद्यांपासून लांब राहू द्या.